शिवाजी पार्क : एक मैदान, अनेक हक्कदार
खास प्रतिनिधी, मुंबई

दादरच्या शिवाजी पार्कवर पहाटे फिरायला येणारे ज्येष्ठ, सकाळी नेटमध्ये घाम गाळणारी मुले आणि दसऱ्याला सभेसाठी जमणारा जनसमुदाय, असे सारेच हक्क सांगतात. मैदानाचा वाद समजून घ्यायचा, तर त्याचा इतिहास पाहावा लागतो.

१९२५ मध्ये 'माहीम पार्क' म्हणून खुल्या झालेल्या सुमारे २८ एकरांच्या या जागेला १९२७ मध्ये अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने शिवरायांचे नाव मिळाले. रमाकांत आचरेकर यांनी येथेच सचिन तेंडुलकरला घडविले. समर्थ व्यायाम मंदिरातील मल्लखांब, जिमखाना, उद्यान गणेश मंदिर आणि गप्पांचा कट्टा यांनी हा परिसर जिवंत ठेवला आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या सभाही याच मातीने ऐकल्या.

मात्र ध्वनिवर्धकांच्या त्रासाविरुद्ध रहिवासी न्यायालयात गेले आणि २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा परिसर शांतता क्षेत्र ठरविला. पुढे राज्य शासनाने क्रीडेतर कार्यक्रमांसाठी वर्षातील ४५ दिवस राखून ठेवले. उर्वरित दिवस खेळाचे!

दुसरा प्रश्न धुळीचा. पावसाळा सरला की तांबडी माती सुकते आणि वाऱ्याबरोबर घराघरांत शिरते. गवत लावावे, तर ते रुजेपर्यंत मैदानाला विश्रांती हवी. सर्वांनाच हव्या असलेल्या या मैदानाला ती देणार कोण, हाच खरा प्रश्न आहे.