दूध बाधते, मग ताक कसे पचते?

दूध घेतले की पोट गुडगुडते, गॅस धरतो, कधी जुलाबही होतात. पण दही-ताक मात्र खुशाल पचते, असे सांगणारे रुग्ण माझ्या दवाखान्यात नेहमी येतात. घरच्यांना हा मनाचा खेळ वाटतो. बहुतेक वेळा खरे कारण असते एका विकराची कमतरता.

विकर म्हणजे एन्झाइम. विकरे ही बहुतांशी शरीरात तयार होणारी प्रथिने होत. पचन, श्वसन, रक्त गोठणे अशा असंख्य क्रिया ती झपाट्याने घडवून आणतात. स्वतः मात्र खर्ची पडत नाहीत. एक काम उरकले की तेच विकर पुढच्या कामाला लागते. प्रत्येकाचे काम ठरलेले. जसे कुलूप तशी किल्ली, ही उपमा जर्मन शास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये दिली. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो, कारण लाळेतले विकर पिठाची साखर करते. पण हेच विकर दुधातल्या साखरेला हातही लावू शकत नाही.

दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती फोडणारे लॅक्टेज हे विकर लहान आतड्याच्या अस्तरात असते. तान्ह्या बाळात ते भरपूर असते. पुढे बहुसंख्य माणसांत कमी होत जाते. मग न फुटलेले लॅक्टोज मोठ्या आतड्यात उतरते. तेथे जंतू ते आंबवतात व गॅस होतो. लॅक्टोज पाणी ओढून घेते, म्हणून जुलाब होतात. विरजणाच्या जंतूंनी दह्यातले काही लॅक्टोज आधीच संपवलेले असते.

तेव्हा दूध बाधते म्हणून कॅल्शियमला मुकू नका. दही-ताक घ्या. जेवणासोबत अर्धा कप दूध घेऊन पाहा. पुष्कळांना तेवढे सोसते.

तान्ह्या बाळाला जुलाब झाले तर मात्र अंगावरचे दूध मुळीच तोडू नका. जुलाबाने आतड्याच्या अस्तराला इजा होऊन लॅक्टेज घटते, पण ते तात्पुरते. अस्तर भरून आले की विकर परत येते. दूध तोडले तर बाळ सुकते, प्रसंगी जिवावर बेतते. दूध चालू ठेवा, जोडीला जलसंजीवनी द्या आणि डॉक्टरांना दाखवा.

शौचावाटे रक्त, ताप किंवा घटते वजन असेल, तर दुधाला दोष देत बसू नका. लगेच तपासून घ्या.