खाडीतला प्रवास आणि तिथीची पाऊणकी

“सर, काल्हेरहून वसईच्या किल्ल्यापर्यंत होडीने जायला किती वेळ लागेल?” प्रॅक्टिकल संपता संपता अकरावीच्या एका विद्यार्थ्याने विचारले. सुट्टीत चार मित्रांनी मिळून पहिली जलसफर करावी असा त्यांचा बेत होता. अंतर त्याने नकाशावर दोरा ठेवून मोजलेही होते. ते सुमारे पंचवीस किलोमीटर भरले. मी त्याला उलट विचारले, “तिथी कोणती?” तो हसला. सर मुहूर्त पाहायला सांगताहेत, असे त्याला वाटले.

मुहूर्ताचा येथे काही संबंध नाही. पण तिथी ठाऊक नसेल तर त्याच्या प्रश्नाला उत्तर देता येत नाही, हे मात्र खरे. ते का, हे आपण या लेखात पाहू या.

प्रथम जागा समजून घेऊ. उल्हास नदी लोणावळ्याजवळच्या डोंगरात उगम पावून कल्याणपर्यंत येते. तेथून पुढे ती खरी नदी राहत नाही, खाडी होते. मुंब्र्याच्या डोंगराला वळसा घालून ती ठाणे आणि भिवंडी तालुका यांच्यामधून उत्तरेकडे जाते आणि घोडबंदरजवळ पश्चिमेला वळून वसईपाशी समुद्राला मिळते. भिवंडी शहराजवळून वाहणारी कामवारी नदीही याच खाडीला येऊन मिळते. आज भिवंडी म्हटले की यंत्रमाग, गोदामे आणि ट्रकांच्या रांगा आठवतात. एके काळी मात्र हे बंदर होते. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि त्यानंतर मराठ्यांच्या आरमाराची पहिली जहाजे याच खाडीच्या काठी बांधली गेली. २०१६ च्या कायद्याने देशातील १११ जलमार्ग राष्ट्रीय ठरले. त्यांत वसई खाडी आणि उल्हास नदी यांचा जलमार्ग क्रमांक ५३ आहे.

आता सफरीचा मार्ग. काल्हेर हे खाडीच्या उजव्या काठावरचे भिवंडी तालुक्यातले गाव. समोरच्या काठाला कोलशेत. खाली जाऊ लागले की डाव्या हाताला येऊरचे डोंगर जवळ येतात आणि त्यांच्या पायथ्याशी नागला बंदर व गायमुख लागते. उजवीकडे खारबावच्या बाजूची शेते आणि तिवरांचे जंगल. मग वळण घेऊन घोडबंदर, अहमदाबाद महामार्गाचे पूल, पुढे भाईंदर-नायगावचे रेल्वे पूल आणि त्यांच्या सोबतीला पाणजू बेट. शेवटी उजव्या हाताला वसईचा किल्ला. १७३९ साली चिमाजी आप्पांनी पोर्तुगिजांकडून जिंकलेला तो हाच. मार्ग असा सरळ आहे. फाटे फार नाहीत, चुकण्याची भीती नाही. मग योजना कसली आखायची?

इंग्लंडमध्ये जुन्या कालव्यांतून लांबट, अरुंद होड्यांनी सुट्टी घालवण्याची पद्धत आहे. तेथे प्रथमच जाणाऱ्याला एक सोपा हिशेब सांगतात. मार्गातले मैल आणि मार्गातले ‘लॉक’ यांची बेरीज करा व तिला तीनने भागा, म्हणजे तास मिळतील. लॉक म्हणजे दोन दरवाज्यांमधला हौद. त्यात पाणी भरून किंवा सोडून होडी वरच्या पातळीवर चढवतात किंवा खालच्या पातळीवर उतरवतात. बारा मैल आणि सहा लॉक असतील, तर अठरा भागिले तीन, म्हणजे सहा तास. सकाळी निघा की दुपारी निघा, उत्तर तेच, कारण कालव्यातले पाणी जवळजवळ स्थिर असते.

आपल्या खाडीला दरवाजे नाहीत. तिचे पाणी दिवसातून दोनदा वर चढते आणि दोनदा खाली उतरते. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती व ओहोटी यांच्या पातळ्यांत सरासरी साडेतीन मीटरांहून अधिक फरक पडतो. म्हणजे दोन माणसे एकमेकांच्या खांद्यांवर उभी राहावीत एवढा. भांगाच्या दिवसांत हाच फरक दीड मीटरच्या आसपास येतो. एवढे पाणी सहा तासांत आत घ्यायचे आणि पुढच्या सहा तासांत बाहेर टाकायचे, तर खाडीत प्रवाह हा असणारच.

त्याचा परिणाम आकड्यांत पाहू. समजा, वल्ह्यांची होडी स्थिर पाण्यात ताशी ४ किलोमीटर जाते आणि उधाणाच्या दिवशी प्रवाहाचा सरासरी वेग ताशी ३ किलोमीटर आहे. (प्रत्यक्षात तो अरुंद जागी जास्त व रुंद जागी कमी असतो. हिशेबासाठी आपण एकच आकडा धरू.) ओहोटीबरोबर गेलात तर वेग ४ + ३ = ७, आणि २५ किलोमीटरला साडेतीन तासांहून थोडा जास्त वेळ. पाणी थबकलेले असेल तर सव्वासहा तास. आणि भरतीच्या विरुद्ध? ४ – ३ = १. म्हणजे पंचवीस तास! अर्थात भरती एवढा वेळ टिकत नाही, पण तेवढ्यात वल्हे मारणाऱ्याचे खांदे टिकत नाहीत. होडी तीच, अंतर तेच, माणसे तीच.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो असे म्हणायला आवडले असते. खरी गोष्ट वेगळी आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही तिघे मित्र, तिघेही शास्त्र शिकवणारे, एका अमावास्येच्या रविवारी सकाळी दहाला काल्हेरहून घोडबंदरकडे निघालो. पंधरा किलोमीटर, ताशी चार, म्हणजे दोन वाजता पोहोचू, असा आमचा हिशेब. नाखवा म्हणाला, “सर, पाणी वर चढतंय. बाराला निघू.” आम्हांला वाटले, याला उशिरा निघायचे आहे. दोन तास वल्ही मारून आम्ही जेमतेम अडीच किलोमीटर गेलो. समोरच्या काठावरचे एकच झाड आमच्या बरोबरीने चालते आहे की काय, असे वाटू लागले. बारानंतर पाणी फिरले आणि होडी आपोआप पळू लागली. गंमत म्हणजे आम्ही दोनच्या सुमारासच पोहोचलो. नाखव्याचे ऐकून बाराला निघालो असतो, तरी त्यानंतर जेमतेम अर्ध्या तासानेच पोहोचलो असतो, आणि तेही न दमता. पण खरी शिक्षा पुढेच होती. जेवून, फिरून साडेचारला परत आलो, तर होडी चिखलात बसलेली आणि पाणी पंचवीस-तीस पावले दूर. खाडीचा चिखल गुडघ्यापर्यंत गिळतो, त्यात उतरून होडी ढकलता येत नाही. पाणी पुन्हा होडीखाली येईपर्यंत अंधार झाला होता.

तेव्हा प्रश्न असा, की पाणी केव्हा फिरणार हे आधी कसे कळावे? चंद्राच्या आकर्षणाने समुद्राला दोन फुगवटे येतात, एक चंद्राच्या बाजूला आणि एक विरुद्ध बाजूला. पृथ्वी फिरताना आपण या दोहोंखालून जातो, म्हणून दिवसाला दोन भरत्या. पण तोवर चंद्र स्वतःही पुढे सरकलेला असतो. त्यामुळे त्याला पुन्हा डोक्यावर यायला २४ तास ५० मिनिटे लागतात आणि दोन भरत्यांमध्ये सरासरी १२ तास २५ मिनिटे जातात. सूर्य व चंद्र एका रेषेत आले की दोघांचे आकर्षण एकत्र येते. ते अमावास्या-पौर्णिमेचे उधाण. काटकोनात आले की सूर्य चंद्राचे काम काहीसे बिघडवतो. तो अष्टमीच्या सुमाराचा भांग. उधाण काय, भांग काय, दोन्ही प्रत्यक्षात या तिथींनंतर एक-दोन दिवसांनी पुरते जाणवतात.

आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांनी यावरून एक सुरेख नियम बसवला आहे. तिथीची पाऊणपट करा, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळेल. तुमच्या आजोबांना पाऊणकी पाठ असेल, त्यांना विचारा. सात पाऊण सव्वापाच. म्हणून सप्तमीला, शुद्ध असो वा वद्य, पूर्ण भरती पहाटे सव्वापाचला आणि नंतर संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा.

हे पाऊण कोठून आले? पंधरा तिथींत चंद्र सूर्याच्या तुलनेने अर्धी प्रदक्षिणा करतो, म्हणजे भरती बारा तासांनी मागे पडते. बारा भागिले पंधरा म्हणजे ०.८ तास, अर्थात दर तिथीला ४८ मिनिटे. आठ दशांशाचा पाढा कोणी म्हणत नाही, पाऊणकी मात्र मुलांनाही येत असे. म्हणून ४८ ची ४५ झाली. नियम अर्ध्या-पाऊण तासाने चुकू शकतो. नेमक्या वेळेसाठी छापील भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे. पण बेत आखायला पाऊणकी पुरते.

ही वेळ झाली मुंबईच्या व वसईच्या किनाऱ्याची. काल्हेरला भरती उशिरा येते, कारण भरती ही एक लांबच लांब लाट आहे आणि ती खाडीतून आत शिरायला वेळ घेते. उथळ पाण्यातल्या अशा लाटेचा वेग गुरुत्वत्वरण आणि खोली यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाइतका असतो. सरासरी खोली ५ मीटर धरली तर ९.८ × ५ = ४९ आणि त्याचे वर्गमूळ ७. सेकंदाला ७ मीटर, म्हणजे तासाला सुमारे २५ किलोमीटर. तेव्हा वसईची भरती काल्हेरला पोहोचायला साधारण एक तास लागतो. तळाच्या घर्षणामुळे थोडा अधिकच. लक्षात घ्या, येथे लाट तासाला पंचवीस किलोमीटर जाते, पाणी नव्हे. पाणी दोन-तीन किलोमीटरच जाते. रांगेतल्या मुलांनी एकमेकांना धक्का द्यावा, तसा धक्का पुढे पळतो आणि मुले जागच्या जागी थोडीशी हलतात.

या एका तासातून एक मौजेची गोष्ट निघते. भरती पूर्ण होताच काल्हेरहून निघालात, तर वसईची भरती एक तास आधीच संपलेली असते. भरतीनंतर ६ तास १२ मिनिटांनी ओहोटी पूर्ण होते. म्हणजे वसईला पोहोचण्यासाठी तुमच्या हातात ५ तास १२ मिनिटेच उरतात. उलट, ओहोटी संपताच वसईहून परत निघालात, तर काल्हेरची भरती एक तास उशिरा पूर्ण होणार, म्हणून तुम्हांला ७ तास १२ मिनिटे अनुकूल प्रवाह मिळतो. खाली जाताना आपण लाटेच्या समोर जातो, वर येताना तिच्या सोबतीने येतो. रेल्वेचे इंजिन जवळ येताना शिटी चढी आणि दूर जाताना उतरती ऐकू येते, त्यातलाच हा प्रकार. डॉप्लरचा परिणाम खाडीत होडीत बसूनही अनुभवता येतो!

आता त्या विद्यार्थ्याचा बेत आखू. पौर्णिमेला प्रवाह जोराचा, म्हणून ती उत्तम, असे वाटेल. पण वसईची भरती सव्वाअकराला, काल्हेरची सव्वाबाराला. तेव्हा निघालात तर वसईला पावणेचारनंतर पोहोचाल. तेथे पाणी फिरणार साडेपाचच्या सुमारास. तेव्हा परत निघालात की काल्हेरला रात्रीचे नऊ. एकेरी प्रवास करून गाडीने परत यायचे असेल तरच ही तिथी चालेल.

सप्तमी घेऊ. वसईची भरती सव्वापाचला, काल्हेरची सव्वासहाला. भांग जवळ असल्याने प्रवाह ताशी २ किलोमीटर धरू. सकाळी उजाडल्यावर साडेसहाला निघालात, तर ताशी ६ च्या वेगाने १० वाजून ४० मिनिटांना वसई. तेथे ओहोटी संपते साडेअकराच्या सुमारास, म्हणजे पाऊण तास हाताशी. पाणी उतरलेले असल्याने वाटेल तेथे काठाला लागू नये, धक्क्यालाच लागावे. किल्ला पाहावा, डबा खावा. तोवर पाणी पुन्हा चढू लागते, होडी चिखलात बसण्याची भीती जाते. एकला परत निघालात की पाच वाजून दहा मिनिटांना काल्हेर. तेथली भरती सहा चाळीसला पूर्ण होणार, म्हणजे वाटेत दीड तास उशीर झाला तरी पाणी तुमच्याच बाजूने.

हा हिशेब कागदावरचा आहे. प्रत्यक्ष जाताना परवान्याची होडी, अनुभवी नाखवा आणि प्रत्येकाच्या अंगावर तरंगण्याचे जाकीट हवेच. पावसाळ्यात तर विचारही करू नये. मुखाजवळ समुद्राच्या लाटा आत येतात, तेथे नाखवा म्हणेल ते अखेरचे. पुलांखालून जाताना ध्यानात ठेवा, की भरतीला खोली वाढते तेवढीच पुलाखालची मोकळी उंची कमी होते.

वसई-भाईंदर दरम्यान फेब्रुवारी २०२४ मध्ये रो-रो बोट सुरू झाली. ती खाडी आडवी ओलांडते, म्हणून अनुकूल-प्रतिकूल प्रवाहाचा तिला फारसा प्रश्न येत नाही, फक्त खोली पुरेशी हवी. काल्हेर-वसईसारख्या लांबीच्या मार्गावर मात्र भरती-ओहोटीकडे काणाडोळा करायचा तर प्रवाहाहून बराच वेगवान यंत्र हवे. ताशी २० किलोमीटरच्या बोटीला ३ किलोमीटरचा प्रवाह म्हणजे किरकोळ बाब. जितका वेग कमी तितकी तिथी महत्त्वाची.

तो विद्यार्थी सप्तमीचे गणित वहीत उतरवून घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी शंका घेऊन आला. “सर, खोली पाच मीटर हे तुम्ही कसे धरले?” शंका रास्त होती. ती तुम्हीच तपासू शकता. एका मित्राने वसईच्या धक्क्यावर आणि दुसऱ्याने काल्हेरच्या धक्क्यावर उभे राहून, पाण्यात न उतरता, दर पाच मिनिटांनी खांबावरची पाण्याची पातळी लिहावी. भरतीच्या टोकाला पाणी बराच वेळ थबकते, म्हणून नुसते पाहून वेळ सांगू नये. आलेख काढावा. चढताना व उतरताना पाणी एकाच खुणेवर केव्हा होते ते पाहून त्या दोन वेळांचा मध्य घ्यावा. दोन्ही ठिकाणच्या वेळांतला फरक आला की अंतराला त्याने भागून लाटेचा वेग काढा, त्याचा वर्ग करा आणि ९.८ ने भागा. उत्तर येईल ती खाडीची सरासरी खोली, मीटरमध्ये. मग ओहोटीच्या टोकासाठी हाच प्रयोग पुन्हा करा. फरक थोडा जास्त येईल, म्हणजे खोली कमी निघेल. ती का, हे सांगायला आता माझी गरज नाही.