मुलाचा मगदूर ओळखा

जमिनीचा मगदूर पाहून आपण पीक घेतो. मुरमाड रानात ऊस आला नाही म्हणून रानाला कोणी बोल लावीत नाही. मुलांच्या बाबतीत मात्र हे विसरतो.

काही मुले हाक मारली तरी वळून पाहत नाहीत, नजरेला नजर देत नाहीत, बोट दाखवून काही मागत नाहीत, खेळण्यातल्या गाडीचे चाक तासन् तास फिरवीत बसतात. मळणी यंत्र सुरू झाले की कानांवर हात ठेवून ओरडतात. ही स्वमग्नता असू शकते. तिचे मूळ मेंदूच्या वेगळ्या जडणघडणीत असते. आईने ग्रहण पाळले नाही किंवा बाळाला लस टोचली म्हणून ती येत नाही. ती मुळापासून घालवणारे औषध नाही. कोणी तसे सांगितले तर त्यापायी गाय-बैल विकू नका.

अशा मुलाला मोठा आधार ठरलेल्या दिनक्रमाचा. आंघोळ, न्याहारी, शाळा, झोप यांची चित्रे क्रमाने भिंतीवर लावा. बाजाराला किंवा लग्नाला न्यायचे तर आदल्या दिवशीच सांगा. बोलणे थोडके ठेवा; ‘चप्पल घाल’ एवढेच पुरे. केळे आणि भाकरी समोर धरून थांबा. त्याने बोट केले की नाव घेऊन ती वस्तू लगेच द्या. शेंगा फोडणे, वैरण टाकणे अशी तीच ती कामे पुष्कळांना रुचतात. जमले की लगेच शाबासकी द्या. आदळआपट केली तर मारू नका. गर्दी, गोंगाट, टोचणारा सदरा, दुखणे, काय असेल ते शोधा आणि त्याला शांत जागी न्या.

एक काम मात्र आजच करा. यांतील बरीच मुले न सांगता घराबाहेर पडतात, पाण्याकडे ओढली जातात आणि हाकेला ओ देत नाहीत. विहिरीला कठडा व जाळी, शेततळ्याला कुंपण करा. फवारणीची औषधे कुलपात ठेवा. शेजारीपाजारी सांगून ठेवा.

अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणाऱ्या तपासणी पथकाला मूल दाखवा किंवा थेट जिल्हा रुग्णालय गाठा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र जरूर काढा. शिकवणे जितके लवकर सुरू होईल तितके चांगले. वाफसा निघून गेल्यावर पेरणी करून काय उपयोग, हे तुम्हाला मी सांगायला नको.