हातावरचे डाग आणि लिंबाची फोड

पन्नाशीच्या सुमारास हातांच्या मागील बाजूस, गालांवर तपकिरी डाग उमटू लागतात. दोष वयाला दिला जातो. खरे कारण वर्षानुवर्षे अंगावर घेतलेले ऊन. त्या जागी मेलॅनिन हे रंगद्रव्य साचते. त्यावर लिंबाची फोड चोळण्याचा सल्ला घरोघरी मिळतो. तो कटाक्षाने टाळावा. लिंबाचा रस लागलेली त्वचा उन्हात भाजल्यासारखी होऊन डाग अधिकच गडद होऊ शकतो. दही त्यामानाने सौम्य. त्यातील लॅक्टिक आम्ल मृत पेशी सैल करते. मात्र डाग पुसला जाईल, ही अपेक्षा नको. छत्री, पूर्ण बाह्या आणि किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन यांना पर्याय नाही. डागाचा आकार वा रंग बदलू लागल्यास, त्यातून रक्त आल्यास मात्र घरगुती उपचार थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.