तुसाच्या कोळशाला आम्लाची धार

भिवंडीहून वाड्याकडे निघालं की गोदामांच्या रांगांमागे अजून भातखाचरं दिसतात. झोडणी झाली की पेंढा तबेल्यांकडे जातो. गिरणीत निघालेलं तूस कुणाच्या तरी बॉयलरमध्ये जळतं. शेतातल्या असल्या उरल्यासुरल्या मालाच्या कोळशावर रसायनं बनवता येतात, हे खरं का, असं संपादकांनी विचारलं होतं. खरं आहे, पण सुरुवात कोळशाच्या भट्टीपासून करावी लागते.

ही भट्टी महाराष्ट्राला नवी नाही. डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये पुण्यात ‘आरती’ ही संस्था काढली. उसाच्या पाचटापासून कांडी कोळसा करण्याच्या तिच्या कामाला २००२ मध्ये लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. मला या कामातली युक्ती फार आवडते. पाचट डब्यांत ठासून भरायचं, डबे भट्टीत मांडायचे आणि भोवती पाचटाचाच जाळ करायचा. डब्यात हवा नसल्याने आतला माल पेटत नाही, नुसता तापतो आणि वायू सोडतो. तो वायू फटीतून बाहेर येऊन जाळात पेटतो आणि मग भट्टी स्वतःच्याच वायूवर चालते. कोळसा करणारा माणूस धुरावर नजर ठेवून असतो. दाट पांढरा धूर म्हणजे माल अजून ओला. पिवळट, डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे डांबर निघतंय. धूर विरळ, निळसर झाला की काम झालं. तेव्हाही घाई करायची नाही. गरम डबा उघडला तर कोळसा हवा लागताच पेटतो आणि हाती राख येते.

आता अशा कोळशाचं रसायनांशी नातं काय ते पाहू. २००५ मध्ये जपानच्या मिचिकाझु हारा यांच्या गटाने साखर अर्धवट कोळसून तिच्यावर गंधकाम्लाची प्रक्रिया केली. आम्लाचे गट कोळशाला घट्ट चिकटले आणि एक घन आम्ल तयार झालं. बायोडिझेल करणाऱ्याला त्याचं मोल लगेच कळेल. वापरलेल्या तळणीच्या तेलात मोकळी आम्लं जास्त असतात. त्याचं बायोडिझेल करायला कॉस्टिक घातलं तर साबण होतो, गंधकाम्ल घातलं तर भांडी खातं, आणि नंतर चुना टाकून ते मारावं लागतं. कोळसा मात्र गाळून काढता येतो आणि पुन्हा वापरता येतो. घन आम्लांची परंपरा आपल्याकडेही आहे. १९३३ मध्ये सुरू झालेल्या, माटुंग्याच्या आजच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत प्रा. जी. डी. यादव यांनी ‘यूडीकॅट’ मालिकेतले उत्प्रेरक घडवले.

तरी भिवंडीच्या तुसावर लगेच कारखाना उभा राहील असं मला वाटत नाही. भाताच्या तुसात साधारण पंधरा-वीस टक्के राख असते आणि ती बहुतेक सिलिका. कोळशातला तो भाग आम्ल धरून ठेवायच्या कामाचा नाही. पेंढ्यात पोटॅश असतं, ते आम्लालाच मारतं, म्हणून आधी धुवावं लागतं. बायोडिझेल करताना तेलात घालाव्या लागणाऱ्या मिथेनॉलमध्ये कोळशावरचे आम्लाचे गट हळूहळू सुटतात आणि प्रत्येक फेरीला धार कमी होते. शिवाय ते गट बसवायला तीव्र गंधकाम्ल लागतंच. त्याचं सांडपाणी भिवंडीच्या कामवारी नदीत सोडलं तर नदीने काय कमावलं? सगळ्यात मोठी अडचण भट्टीचीच. प्रयोगशाळेतली भट्टी नायट्रोजनमध्ये, ठरलेल्या तापमानाला चालते. शेतावरच्या डब्यात कडेचा माल जास्त भाजतो, मधला कच्चा राहतो. कच्च्या कोळशावर आम्लाचे गट जास्त बसतात पण तो तेलात झिरपतो. फार भाजलेल्यावर ते बसतच नाहीत. रसायन कारखान्याला दर खेपेला सारखाच माल हवा असतो.

म्हणून आपल्या संशोधकांना विनंती आहे. शेतावरच्या भट्टीतला कोळसा प्रयोगाला घ्या, पहिल्या वापराबरोबर दहाव्या वापराचे आकडेही छापा, आणि भट्टी चालवणाऱ्याला किलोमागे काय मिळेल याचा हिशेब त्याच तक्त्यात मांडा.