जुन्या इंजिनाला नवे बोल्ट

१९८५ ते १९९६ या काळात आपल्याकडे विकली गेलेली यामाहा आरएक्स १०० अजून कितीतरी घरांत जिवापाड जपलेली दिसते. तिच्या इंजिनाची झाकणे फुलीच्या स्क्रूंनी बसवलेली. ही फुली जपानी धर्तीची. नेहमीचा फिलिप्स पेचकस तीत नीट बसत नाही, निसटतो, आणि फुली गुळगुळीत होते. मग मंडळी कंटाळून स्टेनलेसचे ॲलन बोल्ट बसवतात. दिसतातही झकास!

पण एक लक्षात घ्या. फुलीचा स्क्रू फार आवळू गेले की बहुधा त्याचे डोकेच आधी जाई. नुकसान काय, तर एका स्क्रूचे. ॲलन बोल्टाचे डोके सहसा हार मानीत नाही. सगळा जोर येतो तो केसच्या ॲल्युमिनियमच्या आट्यांवर, आणि ते गेले की मोठे काम निघाले. म्हणून किल्लीची आखूड बाजू हातात धरून आवळावे. सहा मिलिमीटरच्या बोल्टाला दहा न्यूटन-मीटर म्हणजे पुष्कळ झाले. बोल्टाची लांबी जुन्या स्क्रूशी ताडूनच घ्यावी.

शिवाय ओल लागली की स्टेनलेसशेजारी ॲल्युमिनियम झिजते, त्याची पांढरी भुकटी धरते, आणि बोल्ट जाम होतो. आट्यांना अँटी-सीझ ग्रीसचे बोट लावावे, अन् मग हात आणखी हलका ठेवावा.