केसपेपरवरची लाल खूण

एमबीबीएसचे विद्यार्थी वॉर्डात जाऊ लागले की दोन गोष्टी त्यांना आवर्जून बजावल्या जातात. हात धुवा, सुई जपून वापरा, ही एक. रुग्णाबद्दल जे कळेल ते बाहेर बोलू नका, ही दुसरी. पहिली सूक्ष्मजीवशास्त्राच्या तासाला येते, दुसरी नीतिमत्तेच्या, आणि परीक्षेतही दोन्हींचे प्रश्न वेगवेगळेच पडतात. त्यामुळे एक शरीराची काळजी आणि दुसरी सभ्यतेची, अशी विभागणी मुलांच्या मनात पक्की होते. ही विभागणी घातक आहे असं मला वाटतं. संसर्गाची काळजी सगळ्या रुग्णांबाबत सारखी घेतली, तरच कुणाचा आजार झाकलेला राहतो. ती माणूस पाहून घेतली, तर आजार उघडा पडतो आणि संसर्गही थांबत नाही.

वॉर्डात गुपित फुटतं ते सहसा तोंडातून नाही. केसपेपरच्या कोपऱ्यात लाल शाईनं 'पॉझिटिव्ह' असं लिहिलेलं असतं. त्या रुग्णाला भिंतीकडची शेवटची खाट मिळते. ड्रेसिंगची ट्रॉली त्याच्यापाशी सगळ्यात शेवटी पोचते. एरवी उघड्या हातानं रक्त काढणारा इंटर्न त्याच खाटेशी आला की एकावर एक असे दोन हातमोजे चढवतो. शेजारच्या खाटेवरच्या बाईला यापेक्षा जास्त काही सांगावं लागत नाही. तिला भेटायला आलेल्या सुनेला कळतं, आणि रुग्ण घरी पोचायच्या आत गावाला कळलेलं असतं. हे सगळं संसर्ग टाळण्याच्या नावाखाली चालतं, म्हणून त्यात काही चूक आहे हे विद्यार्थ्याच्या लक्षातही येत नाही.

पण या खुणेनं संसर्ग तरी टळतो का? एचआयव्हीची लागण झाल्यावर सुरुवातीचे काही आठवडे तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. कित्येकांची तपासणी झालेलीच नसते. ज्याच्या कागदावर लाल शाई नाही तो निर्धोक, असा समज खूण करणाऱ्याच्याच अंगाशी येतो. आणि भीतीही नको तिथे जाऊन बसते. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास असते. हेपटायटिस बीच्या बाबतीत, लस न घेतलेल्या माणसाला ती तीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. तरीही वॉर्डात कुजबुज होते ती एचआयव्हीची, आणि लशीचे तीन डोस पूर्ण न करताच काही विद्यार्थी सुया हाताळू लागतात.

हा प्रश्न जगापुढे १९८० च्या दशकात आला. एड्सची साथ पसरत असताना कोण बाधित आहे हे चेहऱ्यावरून ओळखता येत नाही, हे स्पष्ट झालं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं १९८७ साली शिफारस केली की प्रत्येकाचं रक्त बाधितच आहे असं धरून चालावं. त्यालाच पुढे सार्वत्रिक खबरदारी म्हटलं गेलं. तिचा अर्थ नीट लक्षात घेण्यासारखा आहे. हातमोजे घालायचे की नाही हे रुग्ण कोण यावर नव्हे, तर आपण काय करणार आहोत यावर ठरतं. नाडी पाहायची तर स्वच्छ हात पुरे. रक्त काढायचं तर हातमोजे, मग खाटेवर कुणीही असो. इंजेक्शन दिल्यावर सुईला पुन्हा टोपण घालायचं नाही, कारण टोपणापाशी आणलेली सुई दुसऱ्या हाताच्या बोटात घुसते. ती जागच्या जागी कटरनं तोडायची, किंवा थेट पांढऱ्या, सहज भोक न पडणाऱ्या डब्यात टाकायची. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनी धारदार वस्तूंसाठी तोच रंग ठरवून दिला आहे. असं काम करणाऱ्याला खाटेवर खूण करण्याची गरजच उरत नाही.

याहून जुना धडा व्हिएन्नाचा आहे. तिथल्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी मे १८४७ पासून विद्यार्थ्यांना क्लोरिनच्या द्रावणानं हात धुवायला लावले, आणि बाळंतिणींचं मृत्यूचं प्रमाण एप्रिलमधल्या अठरा टक्क्यांवरून जूनपर्यंत दोन टक्क्यांच्या आसपास आलं. ही कथा बहुतेकांना माहीत असते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये घडलेलं मात्र फारसं सांगितलं जात नाही. गर्भाशयाचा कर्करोग असलेली एक स्त्री पहिल्या खाटेवर होती. तिला तपासून विद्यार्थी साध्या साबणानं हात धुऊन पुढच्या खाटांकडे गेले, आणि त्या वेळी तपासलेल्या बारा स्त्रियांपैकी अकरा दगावल्या. तोवर सेमेलवाइस यांना धोका शवविच्छेदनाच्या खोलीतूनच येतो असं वाटत होतं. त्यानंतर त्यांनी दर दोन रुग्णांच्या मध्ये हात निर्जंतुक करण्याचा नियम केला. धोका अमुक एका जागी किंवा अमुक एका माणसात आहे असं मानून आखलेली खबरदारी अपुरी पडते, याचा याहून ठळक पुरावा सापडणं कठीण.

डॉक्टरलाही जीव आहे, समोरच्याला काय झालंय हे कळण्याचा त्याला हक्क नाही का, असं विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे. पण गोपनीयता म्हणजे उपचार करणाऱ्यांपासून लपवाछपवी नव्हे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा, जो सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, उपचारासाठी आवश्यक असेल तिथे एका वैद्यकीय व्यक्तीनं दुसरीला सांगण्याची मुभा देतो. माहिती केसपेपरच्या आत असावी, खाटेच्या पायथ्याशी नको. शिवाय हाच कायदा रुग्णालयांवर सार्वत्रिक खबरदारीची साधनं, तिचं प्रशिक्षण आणि सुई टोचल्यास लगेच प्रतिबंधक औषधं देण्याची जबाबदारी टाकतो. ही औषधं शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांत सुरू करून २८ दिवस घ्यायची असतात. कर्मचाऱ्याचा बचाव आणि रुग्णाचं गुपित एकाच कायद्यात आलं आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

याहून अवघड प्रश्न बायकोचा आहे. नवरा सांगत नाही, तर डॉक्टरनं गप्प राहायचं का? १९९८ साली सर्वोच्च न्यायालयानं एका प्रकरणात, होणाऱ्या पत्नीला धोका असताना माहिती उघड करणं चूक नाही, असं म्हटलं होतं. आताचा कायदा अधिक विचारानं जातो. आधी रुग्णाला समजवावं, समुपदेशन करावं. तो सांगणार नाही आणि जोडीदाराला खरोखर धोका आहे अशी खात्री पटली, तर डॉक्टरनं समुपदेशनासह समक्ष सांगावं. पण सांगितल्यामुळे, विशेषतः बाईला, मारहाण किंवा घराबाहेर काढलं जाण्याची भीती असेल, तर सांगू नये. म्हणजे गोपनीयतेला अपवाद आहे. तो ठरावीक माणसासाठी आणि ठरावीक रीतीनं आहे. क्षयरोगाची सरकारला नोंद देणं २०१२ पासून बंधनकारक झालं, तेही याच जातीचं. नोंद वहीत जाते, चाळीत नाही.

क्षयरोग, गोवर, कांजिण्या अशा आजारांत रुग्णाला वेगळं ठेवावंच लागतं, हेही खरं. तिथे पाटीवर आजाराचं नाव न लिहिता काय करायचं ते लिहावं: 'मास्क लावून आत या, बाहेर पडताना हात निर्जंतुक करा.' येणाऱ्याला एवढीच माहिती हवी असते. कोविडच्या सुरुवातीला, मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात विलगीकरणातल्या लोकांच्या हातावर शाईचे शिक्के मारले गेले, देशभर दारांवर पत्रकं चिकटली. अशा पत्रकांची आपल्या सूचनांत कुठेही तरतूद नाही, असं केंद्र सरकारनं न्यायालयाला सांगितलं, आणि डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय ती लावू नयेत असं ठरवलं. दारावर पत्रक लागेल या धास्तीनं माणूस तपासणी टाळतो, आणि न तपासलेला माणूस घरादाराला लागण देतो. ताप अंगावर काढणाऱ्याला दोष देण्याआधी त्याला कशाची भीती वाटली ते विचारायला हवं.

सरकारी रुग्णालयांत हे जमणार कसं, हा आक्षेप मी हलका मानत नाही. खाटा भरून रुग्ण जमिनीवर गाद्यांवर असतात, बेसिन वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला असतं, एका खाटेभोवती दहा-पंधरा विद्यार्थी उभे असतात. पण सरसकट खबरदारी म्हणजे सरसकट हातमोजे नव्हेत. तिचा मोठा भाग अल्कोहोलच्या द्रावणानं वीस-तीस सेकंद हात चोळण्याचा आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार हे द्रावण रुग्णालयाच्या औषधशाळेतही बनवता येतं. खाटेशी शिकवताना तपासणी तिथे करावी, आजाराच्या नावाची आणि खासगी इतिहासाची चर्चा बाजूच्या खोलीत. इंग्रजीत बोललं म्हणून ते झाकलं जात नाही. 'पॉझिटिव्ह' हा शब्द आता प्रत्येक नातेवाइकाला कळतो. मोबाइलचंही तसंच. जखमेचा फोटो ग्रुपवर टाकताना चेहरा कापला, तरी मनगटावर गोंदलेलं नाव राहतं, एक्स-रेच्या कोपऱ्यातला नोंदणी क्रमांक राहतो.

२०१९ च्या नव्या अभ्यासक्रमानं एमबीबीएसला नीतिमत्ता आणि संवादाचा स्वतंत्र भाग आणला, हे चांगलं झालं. पण विद्यार्थी शिकतो ते राउंडला पुढे चालणाऱ्या रेसिडेंटकडे पाहून. त्यानं दोन खाटांच्या मध्ये हात चोळले नाहीत तर मागचे पंधराजण चोळणार नाहीत. त्यानं 'बारा नंबरचा जरा सांभाळून' असं म्हटलं तर पंधराजण तेच म्हणायला शिकतील. म्हणून प्रात्यक्षिक परीक्षेत या दोन्ही गोष्टी एकत्र तपासाव्यात. विद्यार्थ्याला एका रुग्णाचं रक्त काढायला सांगावं आणि निदान त्याला सांगूच नये. त्यानं हात कधी स्वच्छ केले, सुई कुठे टाकली, पडदा ओढला का आणि शेजारच्या खाटेला ऐकू जाईल असं काय बोलला, या सगळ्याला एकाच कोष्टकात गुण द्यावेत. तेच कोष्टक रेसिडेंट आणि प्राध्यापकांच्या राउंडलाही लावावं, आणि वॉर्डातल्या सिस्टरला ते भरण्याचा अधिकार द्यावा.